वन कट ऑफ द डेड : पहिली ३७ मिनिटं सोसावीत का?

तिसरी घंटा

रहस्यभेद भरपूर आहे, त्यामुळे चित्रपट पाहिला नसेल तर इथूनच मागे फिरा. आधी बघा, मग या. ट्रेलरही नको.

शनिवारी रात्री हा चित्रपट तिसऱ्यांदा पाहिला. या वेळी एका मैत्रिणीला शेजारी बसवलं होतं. जपानी आहे, झॉम्बी आहेत आणि विनोदी आहे, एवढंच तिला सांगितलं होतं. बाराव्या मिनिटाला तिने उशी मांडीवर घेतली, विसाव्याला मोबाइल घेतला आणि पंचविसाव्याला विचारलं, "शेवटपर्यंत असंच आहे का गं?" मी गप्प बसले. ३७ मिनिटं झाली, श्रेयनामावली सरकायला लागली, तशी ती उठलीच. "संपला? बरं झालं." हाताला धरून तिला खाली बसवलं. तासाभराने तीच पोट धरधरून हसत होती आणि शेवटच्या पाच मिनिटांत डोळे पुसत होती.

तेव्हापासून मनात घोळतंय, की हाताला धरून बसवणारं कोणी नसेल त्याने काय करायचं? विनोदी चित्रपटाने प्रेक्षकाला आधी अर्धा तास कंटाळू द्यावं हे चालण्यासारखं आहे का?

पाहून बराच काळ लोटलेल्यांसाठी थोडी उजळणी. २०१७ चा चित्रपट, दिग्दर्शक शिनइचिरो उएदा. मूळ जपानी नावाचा अर्थ 'कॅमेरा थांबवू नका!'. खर्च सुमारे ३० लाख येन, चित्रण आठ दिवसांत, कलाकार जवळजवळ सगळे अनोळखी, एका चित्रपट-प्रशिक्षण संस्थेच्या कार्यशाळेतले. जून २०१८ मध्ये टोकियोत दोन छोट्या चित्रपटगृहांत लागला, आणि बघून आलेल्यांनी इतरांना पाठवत पाठवत तो शेकडो पडद्यांवर नेला. कमाई खर्चाच्या हजारपटीहून जास्त.

रचना तीन भागांची. पहिला भाग म्हणजे ३७ मिनिटांचा, एकही कट नसलेला झॉम्बीपट. एका ओसाड इमारतीत झॉम्बीपटाचं शूटिंग चालू आहे, तिथे खरे झॉम्बी येतात आणि झपाटलेला दिग्दर्शक कॅमेरा बंद करत नाही. दुसऱ्या भागात आपण महिनाभर मागे जातो. तिथे कळतं की हा दिग्दर्शक हिगुराशी साधा, पडतं घेणारा माणूस आहे. 'झटपट, स्वस्तात आणि बऱ्यापैकी' ही त्याची ओळख. झॉम्बींना वाहिलेल्या एका नव्या वाहिनीसाठी अर्ध्या तासाचं नाटक, तेही थेट प्रक्षेपणात आणि एकाच शॉटमध्ये करायचं, असं काम त्याच्या गळ्यात पडतं. तिसऱ्या भागात तीच ३७ मिनिटं आपण कॅमेऱ्याच्या मागून बघतो.

माझं म्हणणं असं, की हा चित्रपट जमलाय, आणि तो त्या पहिल्या भागामुळेच जमलाय. 'पैसे कमी होते, समजून घ्या' असं तो कुठेही म्हणत नाही. पैसे, माणसं, वेळ, सगळं कमी असताना काम कसं तडीस जातं हीच त्याची गोष्ट आहे. ती टंचाई आधी आपल्या अंगावर आली नाही, तर मागची धावपळ बघून आपण कशाला हसू?

रात्रपाळी

विसाव्या मिनिटाला बंद करणाऱ्यांपैकी मी एक. दोनदा सुरू केला, दोनदा बंद केला.

लेख चांगला आहे, पण पटला नाही. कोणत्याही कलाकृतीने स्वतःच्या पायावर उभं राहायला हवं. 'थांब, पुढे मजा आहे' असं सांगायला शेजारी माणूस लागत असेल तर ते त्या माणसाचं यश, चित्रपटाचं नाही. चित्रपटगृहात तिकीट काढून बसलेला प्रेक्षक सहसा उठत नाही, म्हणून तिथे तो चालला असेल. घरी बघणाऱ्याच्या हातात रिमोट असतो.

दुसरं म्हणजे, वाईट अभिनय मुद्दाम केलाय हे नंतर कळलं तरी तो बघताना वाईटच असतो ना? त्या नायिकेचं किंचाळणं माझ्या डोक्यात गेलं.

तिसरी घंटा

रात्रपाळी, हरकत रास्त आहे. पण पहिला भाग नुसता वाईट नाही. नुसता वाईट असता तर पहिल्यांदा बघताना मीही उठले असते. त्यात मधेमधे अशा जागा आहेत की आपण म्हणतो, 'हे काय होतं?'

एकच प्रसंग घेते. नायिका, नायक आणि मेकअप करणारी बाई खोलीत बसलेत. बाहेर काहीतरी घडायला हवं, पण घडत नाही. शांतता. कोणीतरी काहीतरी बोलायचं म्हणून बोलतं. मग नायिका त्या मेकअपवालीला विचारते, तुमचे छंद काय? ती म्हणते, स्वसंरक्षण शिकतेय. आणि मागून कोणी धरलं तर कसं सुटायचं ते करून दाखवते, दोन्ही हात वर झटकून 'पोम!' असा आवाज काढत. पुन्हा शांतता. पहिल्यांदा बघताना वाटतं, लेखकाला संवाद सुचलेले नाहीत. पण तिघांचे डोळे बघा. ते वाट बघताहेत. ठरलेली एंट्री होत नाहीये आणि कॅमेरा चालू आहे, तो थांबवता येत नाही, म्हणून तीन माणसं जिवाच्या आकांताने वेळ भरून काढताहेत. तिसऱ्या भागात कळतं की दाराच्या पलीकडे त्या क्षणी काय गोंधळ चाललाय.

तीच गत कुऱ्हाडीची. बाहेर आल्यावर एका पात्राला तिथे कुऱ्हाड पडलेली दिसते, आणि ते तसं मोठ्याने म्हणतं, अरे वा, इथे कुऱ्हाड, नशीबच! मैत्रीण तिथे 'शी' म्हणाली होती. दुसऱ्यांदा तेच वाक्य आलं तेव्हा तिला ठसका लागला.

त्या जागा लक्षात आल्या नाहीत तरी त्या आत कुठेतरी साठत असतात. एरवी आपण चुका विसरून जातो. इथे चुकीच्या सेकंदाला इतकं रेंगाळून ठेवलंय की ती विसरता येत नाही.

कात्री

मी संकलनाच्या कामात आहे, म्हणून त्या बाजूने लिहितो.

विनोदाचं टायमिंग बहुतेक वेळा आमच्या टेबलावर ठरतं. नटाने वाक्य टाकलं आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर कट कधी जायचं, दोन फ्रेम आधी की दोन फ्रेम नंतर, यावर हशा येतो किंवा पडतो. सलग शॉटमध्ये ती सोयच नाही. जे टायमिंग आहे ते माणसांच्या अंगात असलं पाहिजे. आणि इथे तर त्यांना टायमिंग चुकवायचंय, तेही ठरलेल्या मापाने. खोलीतली ती शांतता पाच सेकंद कमी भरली असती तर कोणाला खटकली नसती, दहा सेकंद जास्त झाली असती तर रात्रपाळींसारखे दुप्पट लोक उठले असते.

अजून एक जागा बघा. पाठलागात कॅमेरा जमिनीवर पडतो आणि तसाच पडून राहतो. कोणी उचलत नाही. मग उचलला जातो आणि तिथून पुढे चित्रीकरणाची ढबच बदलते, अचानक जोरजोरात झूम मारायला सुरुवात होते. पहिल्या वेळी मला वाटलं, दिग्दर्शकाला हुक्की आली. तिसऱ्या भागात उलगडतं की मूळ कॅमेरावाला पडलाय आणि ज्या सहायक मुलीला इतके दिवस कोणी कॅमेऱ्याला हात लावू देत नव्हतं तिच्या हातात तो आलाय. तिला झूम भयंकर आवडतात. म्हणजे शैलीतला बदल हा पात्राचा स्वभाव आहे! कॅमेऱ्यामागच्या माणसाला पडद्यावर न आणता त्याच्याकडून अभिनय करून घेणं, हे मी क्वचित पाहिलंय.

लेन्सवर रक्त उडतं आणि एक हात येऊन ते पुसून जातो, तो क्षण तर खऱ्या शूटिंगमध्ये झालेला अपघात होता. ठेवून दिला त्यांनी. पूर्ण चित्रपटाचा विषयच तो असल्यामुळे तो चपखल बसला.

दुर्बीण

चर्चा वाचतेय, मजा येतेय. पण माझा एक मूलभूत प्रश्न. याला झॉम्बी विनोदी चित्रपट म्हणायचं का? यात कोणी झॉम्बी होतच नाही. सगळे नट आहेत. झॉम्बीच्या जागी भूत, चोर, डायनासोर काहीही असतं तरी हीच गोष्ट झाली असती.

खऱ्या अर्थाने कमी पैशातले या जातीचे चित्रपट बघायचे तर इतिहास मोठा आहे. १९६८ च्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'चा खर्च सव्वा लाख डॉलरच्या आत होता. कृष्णधवल असल्यामुळे रक्त म्हणून चॉकलेट सिरप वापरलं, पडद्यावर कोणाला कळतंय? नाव ऐन वेळी बदलताना वितरकाकडून शीर्षकपट्टीवरची स्वामित्व हक्काची ओळ गळली आणि चित्रपट सार्वजनिक मालकीचा झाला. त्याच्या निर्मात्यांचं त्यात मोठं नुकसान झालं, पण सगळ्या जगाला झॉम्बी फुकट वापरायला मिळाले ते खरं. पुढे १९८५ च्या 'द रिटर्न ऑफ द लिव्हिंग डेड'ने मेंदू मागणारे झॉम्बी आणले आणि भीतीत उघड विनोद मिसळला.

पीटर जॅक्सनचा पहिला चित्रपट 'बॅड टेस्ट', १९८७ चा. त्यात झॉम्बी नाहीत, परग्रहवासी आहेत, पण घराणं तेच. मित्रांना जमवून सुट्टीच्या दिवशी चार वर्षं चित्रण केलं. मुखवटे आईच्या ओव्हनमध्ये भाजले. नट कमी म्हणून त्याने स्वतः दोन भूमिका केल्या, एक दाढीवाली, एक बिनदाढीची, आणि कड्यावर ती दोन पात्रं एकमेकांशी मारामारी करतात. म्हणजे आधी दाढी वाढवून एक बाजू चित्रित करायची, मग दाढी उतरवून दुसरी. असा माणूस पुढे न्यूझीलंडमध्येच बसून जगातले सर्वांत मोठे चित्रपट करतो यात मला काहीच आश्चर्य वाटत नाही.

२००८ चा ब्रिटिश 'कॉलिन' तर ४५ पौंडांत केला म्हणून गाजला. तो मात्र विनोदी नाही, चांगलाच उदास आहे. पूर्ण गोष्ट झॉम्बीच्या बाजूने.

तिसरी घंटा

दुर्बीण, माहिती सुंदर. दाढीचा किस्सा वाचून तो प्रसंग पुन्हा लावून पाहिला.

पण 'झॉम्बीच्या जागी काहीही चाललं असतं' हे नाही पटत. नीट बघा, झॉम्बीच का लागला ते. नाटकातल्या कॅमेरामनचं काम करणारा नट थेट प्रक्षेपणाआधी दारू पिऊन आडवा होतो. त्याला उभं राहता येत नाही. बाकीचे त्याला मागून धरून उभा करतात, हातपाय हलवतात आणि कॅमेऱ्यासमोर सोडतात. तो डुलत, लटपटत, घशातून आवाज काढत येतो. पहिल्या भागात आपल्याला वाटतं, या एकाने काम बरं केलंय! दारू चढलेला माणूस आणि झॉम्बी यांची चाल एकच आहे. भूत केलं असतं तर तो तरंगायला हवा होता, चोर केला असता तर पळायला हवा होता. जमिनीवर पडला तरी भूमिकेत राहतो असं पात्र झॉम्बीशिवाय दुसरं नाही.

आणि झॉम्बी हा गरिबांचा राक्षस आहे. त्याला पंख नकोत, सुळे नकोत, उडणं नको. चेहऱ्याला राखाडी रंग, फाटका सदरा आणि चार मित्र. नियम प्रेक्षकाला आधीच पाठ आहेत, चावला की झाला, डोक्यात घातलं की संपला. समजावून सांगण्यात एक मिनिट जात नाही. म्हणून तर पहिलाच चित्रपट करायला निघालेले इतके जण याच दारात येतात.

ध्वनिमुद्रण करणाऱ्याचंही तसंच. त्याला पाणी बदललेलं चालत नाही, पोट बिघडतं, हे तो आधीपासून जीव तोडून सांगत असतो. कोणी मनावर घेत नाही. पहिल्या भागात तो मधेच दार उघडून झॉम्बींच्या दिशेने चालू लागतो तेव्हा वाटतं, हा वेडा झाला की काय. त्या बिचाऱ्याला फक्त आडोसा हवा असतो.

उंबरा

इथले प्रतिसाद वाचून बघायची इच्छा झाली (हो, रहस्यभेद वाचून झालाय, आता काय). एक विचारायचं होतं. मला रक्ताचा त्रास होतो, आणि मुलगा बारा वर्षांचा आहे. दोघांनी मिळून बघण्यासारखा आहे का?

कात्री

उंबरा, तुटलेला हात आहे, मुंडकं उडतं, डोक्यात कुऱ्हाड बसते, उलटीही आहे. सगळं उघड नकली दिसतं आणि पुढे ते कसं केलं तेही दाखवलंय. तुम्ही आधी एकट्याने पहिला भाग बघा आणि मग ठरवा. मुलाला तिसरा भाग फार आवडेल असं वाटतं.

निळी शाई

दोन दिवस लिहू की नको करत होतो. आम्ही पाच जणांनी मिळून अकरा मिनिटांची झॉम्बी शॉर्ट फिल्म करायला घेतली होती, त्याबद्दल.

पैसे नव्हते म्हणून एक सदरा. नायकाचा पांढरा सदरा, एकच. रक्त आम्हीच केलं. घट्ट साखरेचं पाणी, खायचा लाल रंग, त्यात निळ्याचा अर्धा थेंब, कारण नुसता लाल पडद्यावर सरबतासारखा दिसतो. दाटपणासाठी थोडं चॉकलेट सिरप. रंग अप्रतिम जमला. पहिल्या टेकला पिशवी फुटली, सदऱ्यावर जसं हवं तसं उडालं, आणि तेवढ्यात मागे उभ्या असलेल्या आमच्यातल्याच एकाचा फोन वाजला.

सदरा धुवायला घेतला. रंग निघेना. गुलाबी डाग राहिला. मग ठरवलं की आधीपासूनच डाग आहे असं दाखवू, म्हणजे गोष्टीत बदल, म्हणजे आधी चित्रित केलेले तीन प्रसंग बाद. रात्रीचे अकरा वाजले होते, जागा सकाळपर्यंतच मिळाली होती. बाहीवरची साखर वाळून कडक झाली होती आणि मुंग्या लागल्या होत्या. नायकाचं काम करणारा मित्र सदरा काढून माझ्या हातात देऊन निघून गेला. ती फिल्म तिथेच राहिली. त्या मित्राशी बोलणं सुरू व्हायला पुढे वर्ष गेलं.

त्यानंतर काही महिन्यांनी हा चित्रपट पाहिला. शेवटचा प्रसंग आठवा. वरून घ्यायच्या शॉटसाठी आणलेली क्रेन मोडते. वेळ उरलेला नाही. वाहिनीची माणसं म्हणतात, राहू दे तो शॉट, कोणाला कळणारही नाही. हिगुराशीला तो शॉट हवा असतो, आयुष्यभर 'बऱ्यापैकी' करत आलेल्या माणसाला. मग जो हाताशी आहे तो प्रत्येक जण, झॉम्बीच्या रंगातले नट, तंत्रज्ञ, सगळे गुडघ्यांवर ओणवे होतात आणि माणसांचा मनोरा रचतात. सगळ्यांत वर हिगुराशीच्या खांद्यावर त्याची लेक, तिच्या हातात कॅमेरा. त्याच्या संहितेला चिकटवलेला जुना फोटो असतो ना, खांद्यावर छोटी मुलगी आणि तिच्या हातात व्हिडिओ कॅमेरा, तोच फोटो पुन्हा उभा राहतो.

सगळे थरथरताहेत, दात आवळून धरलेत, आणि खाली रक्ताने काढलेल्या आकृतीवर नायिका उभी राहून वर बघतेय. मी रडलो. त्या रात्री आमच्या पाच जणांना हे करता आलं नव्हतं.

हा चित्रपट चालतो की नाही याचं माझ्याकडे दुसरं उत्तर नाही.

दुर्बीण

निळी शाई, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. झॉम्बी पात्राबद्दलचा माझा मुद्दा मागे घेते. दारुड्याची चाल मला सुचलीच नव्हती.

तुमच्या प्रतिसादावरून 'शॉन ऑफ द डेड' आठवला, २००४ चा. त्याचं बजेट याच्या मानाने कितीतरी मोठं, पण त्यातल्या झॉम्बींच्या गर्दीत दिग्दर्शकाच्या आधीच्या मालिकेचे चाहते होते, हौसेने रंग फासून आलेले. त्यातही एक पुनरावृत्ती आहे. शॉन सकाळी घरातून दुकानापर्यंत जातो आणि परत येतो, एका लांब शॉटमध्ये. दुसऱ्या सकाळी तोच रस्ता, तीच चाल, फक्त आता सगळीकडे झॉम्बी, आणि याला झोपेत काही कळत नाही. तिथेही हसू यायला पहिली फेरी साधी आणि थोडी कंटाळवाणी असावीच लागते. फरक इतकाच की तिथे ती दोन-एक मिनिटांत संपते, उएदाने ३७ मिनिटं घेतली.

'वन कट'ची फ्रेंच आवृत्ती कोणी पाहिली का? मिशेल आझानाविशियसची, २०२२ च्या कान महोत्सवाचा उद्घाटनाचा चित्रपट होता.

तिसरी घंटा

पाहिली. वाईट नाही. विनोद जवळजवळ तेच आहेत आणि काही ठिकाणी ते मूळ जपानी चित्रपटाशी गंमतही करतात. पण मला ती हलवू शकली नाही. नावाजलेले नट, भरपूर उजेड, उत्तम कॅमेरा. ते धडपडतात तेव्हा मला धडपडीचा उत्तम अभिनय दिसतो. मूळ चित्रपटात तो मनोरा रचणाऱ्यांकडे खरोखरच फार काही नव्हतं, आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. शेवटच्या श्रेयनामावलीत तर उएदाने आपला खरा चमू दाखवलाय. पहिला भाग ज्याने प्रत्यक्ष टिपला तो कॅमेरावाला त्या इमारतीत धावतोय आणि बाकीचे त्याच्या चौकटीबाहेर राहण्यासाठी पळापळ करताहेत. म्हणजे तीच ३७ मिनिटं आपण तिसऱ्यांदा बघतो, आणि या वेळी नाटक संपलेलं असतं.

निळी शाई, तुम्हाला काय लिहू कळेना. बाहीवरच्या मुंग्या डोळ्यांसमोरून जात नाहीत.

रात्रपाळी

काल रात्री पूर्ण पाहिला. रिमोट मुद्दाम दुसऱ्या खोलीत ठेवला.

जे आहे ते लिहितो. तिसरा भाग अफाट आहे. ध्वनिमुद्रणवाल्याच्या प्रसंगाला इतका हसलो की मागे जाऊन पुन्हा पाहावं लागलं, संवाद ऐकूच आले नव्हते. ऐन वेळी मेकअपवालीचं काम करावं लागलेली दिग्दर्शकाची बायको भूमिकेत घुसून आवरेनाशी होते ते तर कमालच, आणि त्या 'पोम!'ची किंमत तेव्हा कळली. पण दुसरा भाग मला सपाट वाटला, सगळी मोहरी फोडणीआधी मोजून ठेवल्यासारखा. प्रत्येक पात्राची एक खोड सांगायची आणि पुढे जायचं, की ती नंतर कामाला येईल. बाप-लेकीचं थोडं घाईत उरकलंय.

एका गोष्टीने मात्र माझं मत हललं. सुरुवातीला दिग्दर्शक नायिकेवर ओरडतो ना, तुझ्या चेहऱ्यावर खरी भीती दिसत नाही म्हणून? तेव्हा मला तो अभिनय भडक वाटला होता आणि राग आला होता. दुसऱ्या भागात कळतं की ती नटी गोड बोलून प्रत्येक गोष्ट टाळते, मला चालेल हो पण माझ्या संस्थेला चालणार नाही, असं म्हणत, आणि हा मान डोलावत राहतो. मग त्या थेट प्रक्षेपणात ऐन वेळी त्याच्यावरच दिग्दर्शकाची भूमिका करायची पाळी येते, आणि तो ओरडतो तेव्हा महिन्याभराचं साचलेलं बाहेर पडतं. ते मला भडक वाटलं होतं, आणि ते तर त्या माणसाने पहिल्यांदा खरं बोललेलं वाक्य होतं.

तरी पहिला भाग एकटा जमत नाही, यावर मी ठाम आहे. दोनदा उठलो ती माझी चूक नव्हती.

कात्री

चूक नव्हतीच. दोनदा उठून तिसऱ्यांदा बसलात, हे महत्त्वाचं. दुसऱ्या भागाबद्दल तुमच्याशी सहमत, मीही तिथून चार मिनिटं कापली असती. पण बाप-लेकीतली डोळ्यांत घालायच्या थेंबांची जागा ठेवली असती. ती लेक एका शूटिंगवर लहान मुलाला खोटे अश्रू आणायला ठाम नकार देते आणि त्यापायी कामावरून जाते. बाप मात्र ते थेंब वापरणारा. दोघं एकाच शॉटसाठी एकमेकांवर उभे राहतात तेव्हा ते आठवतं.

उंबरा

बघितला. मुलासोबतच. मी अधूनमधून डोळे झाकले, त्याने सांगितलं कधी उघडायचे. पहिला भाग संपल्यावर तो म्हणाला, "आई, यांनी हे एकदाही न थांबता केलं?" त्याला कंटाळा आला नव्हता. तो पूर्ण वेळ कॅमेरा धरलेला माणूस कुठे असेल तेच शोधत होता.

तिसरी घंटा

उंबरा, हा प्रतिसाद मैत्रिणीला वाचून दाखवला. ती आता पहिला भाग पुन्हा बघतेय, एकटीच, आणि दर पाच मिनिटांनी मला मेसेज करतेय.

निळी शाई

सगळ्यांचे आभार. काल त्या मित्राला या धाग्याचा दुवा पाठवला. रात्री उशिरा त्याचा फोन आला. दिवाळीनंतर नाही, उन्हाळ्यात नाही, येत्या रविवारीच म्हणाला. जागा तीच, संहिता तीच, पहिल्या प्रसंगापासून.

सदरे या वेळी चार घेतलेत.